परत द्यायचा हार

ज्या हाराबद्दल आज लिहायचंय, तो घालणाऱ्याच्या मालकीचा कधीच नसतो. हयातीपुरता गळ्यात, एवढंच. माणूस गेला की वारसांनी तीन महिन्यांच्या आत हार परत करायचा. तो हयात असतानाही हार विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, कुणाला देऊन टाकता येत नाही आणि हौस म्हणून त्यात एखादा हिरा-माणिक जडवूनही घेता येत नाही. आमचं दुकान कोल्हापूरच्या गुजरीत. दागिना जितका घडतो तितकाच मोडीतही येतो, हे मी फ्रॉक घालायच्या वयापासून बघत आलेय. आजीच्या पुतळ्यांच्या नातीला बांगड्या होतात, त्या बांगड्यांची पुढं सुनेला चेन होते. म्हणून व्हिएन्नात काचेमागं पंधराव्या शतकातला एक अख्खा हार, सगळ्या कड्यांसकट, जसाच्या तसा दिसला तेव्हा मला पहिला प्रश्न पडला तो हाच, की हा मुशीत कसा गेला नाही? त्याचं उत्तर त्या परत द्यायच्या नियमात आहे असं आता माझं ठाम मत झालंय.

हार आहे ‘ऑर्डर ऑफ द गोल्डन फ्लीस’चा. सोनेरी लोकरीच्या मेंढ्यावरून नाव घेतलेली ही सरदारांची ऑर्डर, म्हणजे शपथेनं बांधलेला संघ. युरोपात अशा ऑर्डरी पुष्कळ झाल्या. त्यातल्या काही राज्याच्या, म्हणजे सरकार देतं तो सन्मान. काही घराण्याच्या. घराण्याच्या ऑर्डरीचं वैशिष्ट्य असं की गादी गेली, राज्य गेलं, तरी ती घराण्याच्या प्रमुखाबरोबर चालत राहते. गोल्डन फ्लीसची व्हिएन्नाची शाखा अशी घराण्याची आहे, हाब्सबुर्ग घराण्याची. ऑस्ट्रियात १९१८ नंतर ना सम्राट राहिला ना कायद्यानं सरदारकी राहिली, तरी ऑर्डर आहे.

सुरुवात मात्र ऑस्ट्रियात झाली नाही. बर्गंडीचा ड्यूक फिलिप, ज्याला इतिहासात फिलिप द गुड म्हणतात, त्यानं पोर्तुगालच्या राजकन्येशी, इझाबेलाशी लग्न केलं. ठरवाठरवीसाठी जी मंडळी पोर्तुगालला गेली त्यांत यान व्हान आयिक हा चित्रकार होता, वधूचं चित्र काढून ड्यूकला पाठवायला. लग्न जानेवारी १४३० मध्ये झालं आणि ब्रुज शहरात जेवणावळी, खेळ, मिरवणुका चालू असताना १० जानेवारीला फिलिपनं ऑर्डर जाहीर केली. चोवीस नाइट, म्हणजे शपथ घेतलेले सरदार, आणि प्रमुख म्हणून तो स्वतः. तीनच वर्षांत चोवीसचे तीस झाले.

त्याला अशा ऑर्डरीची गरज होती. १४२२ मध्ये इंग्रजांनी त्याला त्यांच्या गार्टर ऑर्डरवर निवडलं होतं. ते घेतलं असतं तर इंग्लंडच्या राजाशी शपथेनं बांधला गेला असता, म्हणून त्यानं ते कधी स्वीकारलं नाही. शिवाय त्याचा मुलूख एकसंध नव्हता. दीजोंकडची बर्गंडी फ्रेंच बोलणारी. फ्लँडर्समधली शहरं डच बोलणारी आणि स्वतःच्या हक्कांसाठी भांडायला कायम तयार. आर्त्वा, एनो, हॉलंड, त्यात १४३० मध्येच आलेलं ब्राबांट. प्रत्येक ठिकाणचा कायदा वेगळा, सरदार वेगळे. या सगळ्या मोठ्या घरांतल्या कर्त्या माणसांना एकमेकांचा भाऊ म्हणवून एका शपथेत आणायचं, तेही सारख्याच हारानं. प्रमुखाचा आणि साध्या नाइटचा हार घडणीनं एकच असावा, हे मला या योजनेतलं सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. पहिले हार ब्रुजच्या जाँ प्यूतँ नावाच्या सोनारानं केले. पंचवीस हार, एकाच नमुन्याचे. साच्याचं यंत्र नसताना पंचवीस सारखे हार म्हणजे काय काम असेल, हे ज्यानं हातानं दोन सारखी कर्णफुलं केली आहेत त्याला विचारावं.

आता हाराकडं जरा जवळून बघू.

त्यात दोनच वस्तू आलटून पालटून येतात. एक चकमकीचं पोलाद आणि दुसरी गार. आगपेटी नव्हती तेव्हा शेतावरची माणसं चंचीत जी चकमक बाळगायची, तीच. हाताच्या मुठीत धरायचं पोलाद, दोन्ही टोकांना आत वळवलेलं. गारेवर ते घासून मारलं की ठिणगी उडते. हारातलं पोलाद असं वळवलंय की त्याचा आकार रोमन लिपीतल्या ‘बी’ अक्षरासारखा दिसतो, म्हणजे बर्गंडीचं आद्याक्षर. दोन पोलादं एकमेकांत अडकवून एक कडी केलेली, मग गार, मग परत पोलादांची जोडी. गारेवर गडद मीना आहे आणि तिच्यातून चहूबाजूंनी ज्वाळा निघताना दाखवल्यात. ही चकमक म्हणजे फिलिपचं स्वतःचं चिन्ह, आणि तिच्याबरोबरचं त्याचं लॅटिन वाक्य असं होतं की ज्वाळा दिसण्याआधी घाव बसतो. पोलाद आणि गार एकमेकांना भिडल्याशिवाय आग नाही, आणि हारात ती दोन्ही कायमची शेजारी बसवली आहेत.

मधोमध खाली लोंबतो तो मेंढा. अख्खं कातडं, डोकं आणि चारी पाय त्यालाच, पोटाशी पट्टा बांधून उचललेलं. पट्ट्याच्या दोन बाजूंना डोकं आणि मागचं अंग जडपणानं खाली पडतं. सोन्याच्या इतक्या लहान तुकड्यात मेलेल्या जनावराचं वजन दाखवणं हे फार मोठ्या हाताचं काम आहे. लोकरीचे वळसे एकेक करून कोरलेत. मी बाबांना व्हिडिओ कॉलवर फोटो मोठा करून दाखवला तर त्यांनी मेंढ्याकडं बघितलंच नाही आधी. “कड्या कशा फिरत्यात ते सांग. गळ्यावर बसतोय का उभा राहतोय?” मग म्हणाले, “झाळण दिसंना कुठं.” सांधा दिसत नाही, ही त्यांची सगळ्यात मोठी पावती.

नंतरच्या काळात रोजच्या वापराला पूर्ण हाराऐवजी लाल फितीवर लहान मेंढा अडकवायची मुभा मिळाली. १५१६ मध्ये तेव्हाच्या प्रमुखानं, पाचव्या चार्ल्सनं, हे केलं, आणि त्याच वेळी नाइटांची संख्या पन्नासवर नेली. त्याआधीचा नियम कडक होता. हार रोज, उघड्यावर, सगळ्यांना दिसेल असा घालायचा. नाही घातला तर पाद्र्याकडून एक मास, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, म्हणवून घ्यायचा आणि दानधर्म करायचा. अंगात चिलखत असेल तर मात्र नुसता मेंढा चालायचा. लढाईत हार गेला तर नवा हार प्रमुखानं स्वखर्चानं करून द्यायचा. असल्या बारकाव्यांवरून कळतं की नियम लिहिणाऱ्यांनी हार घालून वावरणारा माणूस डोळ्यांसमोर ठेवला होता. व्हान आयिकनं काढलेलं बोदुआँ द लानुआ या सुरुवातीच्या नाइटाचं चित्र बर्लिनला आहे. मोठी टोपी, जाड भरजरी अंगरखा, हातात काठी, आणि त्या सगळ्यावर हा हार. चेहरा अगदी रुक्ष, कामाच्या माणसाचा. हारात मिरवतोय असं जराही वाटत नाही.

मेंढाच का, यावर तेव्हाही वाद झाला. ग्रीक कथेत जेसन नावाचा वीर आर्गो जहाजातून कोल्किसला जातो आणि सोनेरी लोकर घेऊन येतो. फिलिपला ही कथा आवडायची, पूर्वेकडं धर्मयुद्धाला जायचं त्याच्या मनातही होतं. पण जेसननं ती लोकर मिळवली तिथल्या राजकन्येच्या, मेडियाच्या मदतीनं, तिला शब्द दिला आणि पुढं तो मोडला. ज्या ऑर्डरीचा सगळा भार शपथेवर, तिचा आदर्श शपथ मोडणारा कसा चालेल? ऑर्डरचा पहिला चॅन्सेलर बिशप जाँ जेर्मँ यानं बायबलमधला गिदोन पुढं केला. गिदोननं देवाकडं खूण मागितली. अंगणात लोकर पसरून ठेवली. पहिल्या रात्री दव फक्त लोकरीवर पडलं आणि भुई कोरडी राहिली, दुसऱ्या रात्री उलटं. फिलिपनं गिदोनाच्या कथेचे आठ प्रचंड पडदे तूर्नेला विणून घेतले, सोन्या-रुप्याच्या तारा घालून. ते आज उरलेले नाहीत. पुढचा चॅन्सेलर गियोम फियास्त्र यानं तर जेसन, याकोब, गिदोन, मोआबचा राजा मेशा, ईयोब आणि दावीद अशा सहा लोकरी शोधून काढल्या आणि प्रत्येकीला एकेक सद्गुण जोडला. जेसन काही गेला नाही, नुसता गर्दीत बसला.

मला स्वतःला या सगळ्यांपेक्षा कोल्किसची खरी गोष्ट जास्त भावते. कोल्किस म्हणजे आजच्या जॉर्जियाचा समुद्राकडचा भाग. तिथल्या डोंगरातल्या ओढ्यांतून सोन्याचे कण वाहून येतात आणि लोक लोकरीची कातडी पाण्यात टाकून ते कण अडकवतात, असं स्ट्राबो या ग्रीक भूगोलकारानं दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. गुजरीतल्या दुकानांपुढचा केर आणि गटारीचा गाळ धुऊन सोनं काढणारा झारेकरी ज्यानं पाहिलाय, त्याला सोनेरी लोकर म्हणजे काय ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

ऑर्डरच्या सभांना चॅप्टर म्हणत. १४३१ मध्ये लीलला पहिला, १५५९ मध्ये गेंटला शेवटचा, मधे एकूण तेवीस. पहिल्या दिवशी लाल झगे, मेलेल्या भावांसाठीच्या मासला काळे, आणि पुढं मारियेच्या मासला पांढरे. हे थाटाचं झालं. पण दाराआड चालायचं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. एकेका नाइटानं पाळीपाळीनं खोलीबाहेर जायचं, आणि आत उरलेल्यांनी त्याच्या वागण्याबद्दल शपथेवर बोलायचं. कर्ज बुडवतो का, शब्द पाळतो का, बायकोशी कसा वागतो, लढाईत पाठ फिरवली का. मग त्याला आत बोलावून तोंडावर सांगायचं. ड्यूकची सुद्धा यातून सुटका नव्हती. १४६८ मध्ये ब्रुजच्या चॅप्टरमध्ये फिलिपच्या मुलाला, चार्ल्स द बोल्डला, त्याच्याच नाइटांनी सांगितलं की आपण चाकरांशी फार तोडून बोलता, दुसऱ्या राजांबद्दल बोलताना भडकता, स्वतःवर कामाचं ओझं फार घेता आणि मोठ्या फौजा उभ्या करून रयतेला पिळता. चार्ल्सनं ऐकून घेतलं. नऊ वर्षांनी, ५ जानेवारी १४७७ ला, तो नान्सीच्या लढाईत मारला गेला. नाइटांनी बोट ठेवलं होतं ते नेमकं दुखण्यावर.

१४६८ चा तो चॅप्टर ब्रुजच्या आवर लेडी चर्चमध्ये भरला होता. प्रत्येक नाइटाच्या आसनावर त्याच्या चिन्हाची रंगवलेली फळी लावली होती आणि त्या फळ्या अजून तिथं आहेत. मी मान वर करून एकेक वाचत गेले. हार प्रत्येकाभोवती रंगवलाय. इंग्लंडच्या चौथ्या एडवर्डचीही फळी त्यांत आहे, तो त्याच वर्षी निवडला गेला. बार्सिलोनाच्या कॅथीड्रलमध्येही असंच आहे. १५१९ मध्ये पाचव्या चार्ल्सनं तिथं चॅप्टर भरवला तेव्हा आसनांच्या लाकडी पाठींवर चिन्हं रंगवली गेली. इंग्लंडचा आठवा हेन्री, फ्रान्सचा पहिला फ्रान्सिस, सगळे एका रांगेत. एकमेकांवर चालून जाणारी ही माणसं ऑर्डरीत भाऊ होती.

चार्ल्स द बोल्डला एकच मुलगी, मेरी. मुलूख तिचा झाला, पण ऑर्डरचं प्रमुखपद नाही, कारण ती बाई. १४७८ मध्ये तिचा नवरा, हाब्सबुर्ग घराण्यातला माक्सिमिलियान, ब्रुजला प्रमुख झाला. बर्गंडीचा मेंढा हाब्सबुर्गांच्या गळ्यात आला तो असा, एका लग्नातून, जसा तो जन्मालाही एका लग्नातच आला होता. ज्या मेरीमुळं हे सगळं घडलं तिच्या गळ्यात मात्र तो कधी पडला नाही, आणि हे मला टोचतं.

ऑर्डरच्या इतिहासातला सगळ्यात काळा दिवस ५ जून १५६८. एग्माँचा काउंट लामोराल आणि हॉर्नचा काउंट फिलिप हे दोघंही गोल्डन फ्लीसचे नाइट. एग्माँ तर स्पेनच्या दुसऱ्या फिलिपचा मोठा सेनापती, सॅं-कांतँ आणि ग्रावलीन या दोन लढाया त्यानं जिंकून दिल्या. नेदरलँड्समध्ये धर्मावरून असंतोष पेटला तेव्हा दोघांनी राजाला सबुरीचा सल्ला दिला. राजा फिलिपनं पाठवलं आल्बाच्या ड्यूकला. आल्बाही त्याच ऑर्डरचा नाइट. सप्टेंबर १५६७ मध्ये त्यानं दोघांना पकडलं. त्यांनी ऑर्डरचा हक्क सांगितला. नाइटाचा न्याय फक्त त्याच्या भाऊ-नाइटांनी करायचा, हा तो हक्क, आणि खुद्द फिलिपच्या बापानं, पाचव्या चार्ल्सनं, तो पक्का केला होता. आल्बानं तो मानला नाही. ब्रसेल्सच्या भर बाजारचौकात, ग्रोट मार्क्टवर, दोघांची डोकी उडवली. हॉर्नच्या भावाला, माँतिन्यीला, जो स्वतःही नाइट होता, स्पेनमध्ये सिमांकासच्या किल्ल्यात १५७० मध्ये गुपचूप गळा दाबून मारलं.

हार तोच राहिला, पण त्या दिवशी ऑर्डरचा कणा मोडला असं मी मानते. चॅप्टर परत कधी भरलाच नाही. १५७७ मध्ये फिलिपनं पोपकडून परवानगी आणली की यापुढं नाइट निवडायला भावांची मतं नकोत, राजा एकटा निवडेल. ज्या सभेत प्रमुखाला त्याचे दोष तोंडावर सांगितले जात, ती गेली. उरला तो राजाच्या मर्जीचा मान. ब्रसेल्सच्या पती साब्लाँ बागेत एग्माँ आणि हॉर्न यांचे पुतळे आहेत, शेजारी शेजारी उभे. तिथं गेलात तर पाच मिनिटं थांबा.

पुढचं भराभर सांगते. १७०० मध्ये स्पेनचा शेवटचा हाब्सबुर्ग राजा निपुत्रिक वारला. गादीसाठी युद्ध झालं, गादी बुर्बों घराण्याला मिळाली, पण ऑस्ट्रियाच्या सहाव्या चार्ल्सनं ऑर्डरवरचा हक्क सोडला नाही. तेव्हापासून दोन शाखा, स्पेनची आणि ऑस्ट्रियाची, दोन्ही स्वतःला मूळची म्हणवणाऱ्या. १८०९ मध्ये नेपोलियननं तीन मेंढ्यांची एक तिसरी ऑर्डर काढायचा घाट घातला होता, तो जमला नाही.

स्पेनची शाखा हळूहळू राज्याच्या सन्मानासारखी झाली. तिथं आता कॅथलिक असायची अट नाही, सरदार घराण्यातलं असायची नाही. माजी पंतप्रधान, परदेशी राजे, सगळ्यांना मिळते, आणि बायकांनाही. ३० जानेवारी २०१८ ला राजा फेलिपेनं आपल्या बारा वर्षांच्या मुलीच्या, लेओनोरच्या, अंगावर छोटा मेंढा लावला, फितीच्या फुलावर बसवलेला. तो प्रसंग मी बातम्यांत बघितला तेव्हा मला मेरीच आठवली.

ऑस्ट्रियाची शाखा तशी बदलली नाही. कॅथलिक, जुन्या घराण्यातले, पुरुष. हे मला पटत नाही, आणि इथल्या मैत्रिणींशी यावर माझं बोलणंही होतं. पण ऑर्डरचा खजिना आणि दप्तर जपलं ते याच शाखेनं. फ्रेंच क्रांतीच्या फौजा १७९४ मध्ये ब्रसेल्सवर आल्या तेव्हा खजिना पेटाऱ्यांत भरून हलवला गेला आणि अखेर व्हिएन्नाला पोचला. आज तो हॉफबुर्ग राजवाड्याच्या श्वाइत्सरहोफ चौकातल्या शात्सकामरमध्ये, म्हणजे राजखजिन्याच्या संग्रहालयात, आहे.

हाराशिवाय तिथं तीन वस्तू बघाव्यातच. एक शपथेचा क्रूस, १४०० च्या आसपासचं फ्रेंच काम, सोन्याचा, नीलम, माणकं आणि मोती बसवलेला. नाइट शपथ घेतात ती याच्यावर. दुसरी म्हणजे ऑर्डरच्या मुख्य भालदाराची साखळी. या भालदाराला ‘त्वाझों दॉर’ हेच नाव असायचं, म्हणजे ऑर्डरचंच. ही साखळी नाइटांच्या हारापेक्षा पुष्कळ रुंद, सोन्याच्या चौकटींची, आणि तिच्यावर पन्नासहून जास्त नाइटांची चिन्हं मीन्यात भरलेली. पाचव्या चार्ल्सनं संख्या वाढवल्यानंतर ती घडवली. मीनाकारी करणाऱ्यानं ती बघितली तर तो दिवसभर तिथून हलणार नाही. इतके वेगवेगळे रंग एकाच भट्टीच्या कामात सांभाळायचे, आणि कुठल्या घराण्याचा सिंह लाल आणि कुठल्याचा काळा यात चूक चालत नाही.

तिसरी वस्तू सोनाराची नाही, भरतकाम करणाऱ्यांची, पण सोन्याचीच. मास म्हणताना पाद्र्यांनी घालायचे झगे आणि वेदीचे पडदे, १४२५ ते १४४० च्या दरम्यान बर्गंडीच्या राज्यात केलेले. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षट्कोनी घरं, आणि प्रत्येक घरात एक संत किंवा देवदूत. दुरून बघितलं तर रंगवलेलं वाटतं. नाक काचेला लागेल इतकं जवळ गेलं की कळतं, सगळं दोऱ्याचं आहे. आधी सोन्याची जर आडवी, एकाला एक चिकटून, ओळीनं अंथरलेली. मग ती दाबून बसवायला रेशमाचे टाके. जिथं सावली हवी तिथं रेशमाचे टाके दाट, सोनं जवळजवळ झाकलेलं. जिथं उजेड हवा तिथं टाके विरळ, आणि मधून जर चमकते. म्हणजे चित्रातला प्रकाश हा खरोखरच सोन्याचा. एका संताच्या गुडघ्यावरून खाली पडणाऱ्या निळ्या कापडाची एक घडी मी बराच वेळ बघत होते, तिच्या कडेला टाके हळूहळू विरळ होत जातात आणि शेवटच्या बोटभर जागेत नुसती जर उरते. आईला हे फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “असं डोळं जाईपर्यंत काम केलं असंल गं बाईंनी.” बाई होत्या की बुवा, कुणास ठाऊक, पण डोळे गेले असणार यात शंका नाही.

या खजिन्यावर पहिल्या महायुद्धानंतर बेल्जियमनं दावा सांगितला. ऑर्डर आमच्या भूमीत जन्मली, वस्तू ब्रसेल्सहून नेल्या, म्हणून परत द्या. युद्धानंतर ऑस्ट्रियाशी झालेल्या सँ-जेर्मँच्या तहात या दाव्याची नोंद आहे. तीन कायदेपंडितांची समिती बसली आणि १९२१ मध्ये निकाल ऑस्ट्रियाच्या बाजूनं लागला. दुसरीकडं शेवटचा सम्राट कार्ल १९२२ मध्ये मादेइरा बेटावर परागंदा अवस्थेत वारला आणि ऑर्डरचं प्रमुखपद त्याच्या नऊ वर्षांच्या मुलाकडं, ओटोकडं, आलं. ज्या प्रजासत्ताकानं १९१९ मध्ये सरदारक्या रद्द केल्या, नावातलं ‘फॉन’ सुद्धा काढून टाकलं, त्याच प्रजासत्ताकानं १९५३ मध्ये या ऑर्डरचं स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व मान्य केलं. २००० मध्ये ओटोनं प्रमुखपद मुलाकडं, कार्लकडं, सोपवलं. सेंट अँड्र्यू हा ऑर्डरचा पाठीराखा संत, त्यामुळं ३० नोव्हेंबर हा त्यांचा दिवस.

बाबांना मी हे सगळं टप्प्याटप्प्यानं सांगत गेले. एग्माँचं ऐकून ते गप्प झाले होते, पण शेवटी परत हारावरच आले. “म्हंजे वारसानं परत द्यायचा, आन् परत आलेला दुसऱ्याच्या गळ्यात जायचा?” म्हटलं, हो. “मग तेला मोड कुठनं येणार. घडणावळ एकदाच दिली तेनी.” आता त्यांना कडीच्या मागच्या बाजूचा फोटो हवाय, पोलादाची दोन टोकं एकमेकांत कशी अडकवलीत ते बघायला. काचेतल्या हाराची पाठ दिसत नाही, म्हणून त्या बाजूचं छायाचित्र असलेला कॅटलॉग मी शोधतेय. कुणाकडं असेल तर खाली जरूर कळवा.